माळ्यावरचा दहाचा डबा

मी घर सोडलं तेव्हा कुणीच रडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे काही केलं त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

वैशाखी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. शहाडला आमच्या चाळीसमोर मामाच्या मुलाचा टेम्पो उभा होता. त्यात माझी गादी, एक प्लास्टिकची खुर्ची, कपड्यांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं. बाबा बनियनवरच दारात उभे होते. "लांब कुठं चाललीस? ठाण्याला तर चाललीस," ते म्हणाले आणि टेम्पोच्या फळीची कडी नीट लागली का ते बघायला गेले. सुजाता, माझी धाकटी बहीण, एका हाताने बॅगा चढवत होती आणि दुसऱ्या हातात मीठ लावलेली कैरी होती. आई तर बाहेर आलीच नाही. ती आत स्टुलावर चढून माळ्यावर काहीतरी ठेवत होती, पत्र्याचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मी दोनदा हाक मारली. "हो, हो, ये जाऊन," ती आतूनच म्हणाली. जणू मी वाण्याकडे चालले होते.

त्याच्या आदल्या वर्षी समोरच्या खोलीतला रोहित दुबईला गेला होता. तेव्हा सगळी चाळ विमानतळावर. दोन गाड्या, हार, पेढे. त्याची आई दोनदा चक्कर येऊन पडली, त्यात दुसऱ्यांदा तर फोनचा कॅमेरा सुरू झाल्यावर. मी तेव्हाही जळले होते. मी जळकी आहे, लहानपणापासून. शाळेत दुसऱ्या मुलीच्या कंपासपेटीला चुंबकाचं झाकण आहे म्हणून मला ताप आलेला आहे. त्यामुळे दुर्गाडीचा पूल ओलांडताना माझ्या मनात घर सुटल्याचं दुःख कमी आणि रोहितच्या गळ्यातला हार जास्त होता.

दुबईला, कॅनडाला, जर्मनीला गेलेल्यांनो, हसू नका. शहाड ते घोडबंदर रोड हे अंतर तुम्हाला हास्यास्पद वाटेल. पण शहाडला आमचं दार सकाळी उघडायचं ते रात्री झोपतानाच लागायचं, आणि इथे अठराव्या मजल्यावर समोरच्या दारामागे कोण राहतं ते मला दोन वर्षं कळलं नाही. तिथे सकाळची पहिली चौकशी 'पाणी गेलं का?' अशी असायची, इथे सोसायटीच्या ग्रुपवर 'टँकर आला का?' अशी असते. तिथे मी 'सुताराच्या बाजूच्यांची मोठी' होते, इथे गेटवर रोज नाव, फ्लॅट नंबर आणि कुणाकडे जायचंय ते सांगावं लागलं, वॉचमनला माझा चेहरा पाठ होईपर्यंत. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसायचा. पहिल्या रविवारी मी त्याचा फोटो घरी पाठवला. सुजाताचं उत्तर आलं, "ताई, खिडकी पुसून घे."

दीड महिन्याने घरी गेले, तर माझी कॉट नव्हती. बाबांनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि पुढच्या खोलीत, अगदी माझ्या कॉटच्या जागेवर, पिठाची गिरणी बसवली होती. "जागा रिकामीच होती ना," बाबा म्हणाले. गिरणीवर सुजाता बसायची. भुवयांवर पीठ, केसांना रुमाल, समोर ओळीने डबे, आणि गिऱ्हाइकांशी अखंड बडबड. मला त्या गिरणीचासुद्धा राग आला. मी गेल्यावर माझ्या जागी एखादी खुर्ची आली असती तर चाललं असतं, पण हे धूड दिवसभर घरघरत होतं आणि सगळे त्याच्याभोवती खुशीत होते.

मी ज्यासाठी घर सोडलं ती आमची जाहिरात एजन्सी म्हणजे घोडबंदर रोडवरच्या एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरचे दोन गाळे. आम्ही सहा जण. मालकीण केतकी मॅडम, पन्नाशीच्या, मूळच्या डोंबिवलीच्या, भाषा अगदी पुस्तकातली. आमच्याकडे मोठे क्लायंट येत नाहीत. गाद्यांचं दुकान, डोळ्यांचे डॉक्टर, पाण्याच्या टाक्या साफ करणारा एक माणूस. पण मॅडमची एक पद्धत होती, आणि तिच्यामुळे मी तिथे टिकले आणि तिच्यामुळेच फसले.

दर सोमवारी सकाळी प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या लिहायच्या. एका चिठ्ठीवर एक कल्पना, खाली नाव नाही. सगळ्या चिठ्ठ्या मॅडमच्या भाजीच्या कापडी पिशवीत. मग मॅडम एकेक काढून सपाट आवाजात वाचत. कुणाची आहे हे माहीत नसल्याने कुणी कुणाची भीड धरत नसे. क्लायंटने पसंत केल्यावरच लिहिणाऱ्याने हात वर करायचा, आणि तेव्हा मॅडम एकच प्रश्न विचारत, "कुठे सापडलं?" उत्तर चिठ्ठीच्या मागे लिहून ती चिठ्ठी चहाच्या ओट्यावरच्या भिंतीला चिकटवायची. मॅडमचं म्हणणं असं, की कल्पना कुणाला सुचत नसते, ती कुठेतरी पडलेली असते आणि आपल्याला सापडते. "सुचली म्हणणारा माणूस कुणाचं तरी नाव लपवत असतो," त्या म्हणायच्या.

भिंतीवर बहुतेक चिठ्ठ्या आर्याच्या होत्या. आर्या माझ्याच वयाची, समोरच्याच टॉवरमध्ये आईवडिलांकडे राहणारी, पाच मिनिटांत चालत ऑफिसला येणारी. 'कुठे सापडलं?' म्हटलं की ती खांदे उडवून सांगायची, "लिफ्टमध्ये." "कुत्र्याला फिरवताना." "आजोबा चष्मा शोधत होते तेव्हा." माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी रात्रंदिवस जाहिराती बघायचे, नोट्स काढायचे, आणि हिला कुत्रं फिरवताना सापडायचं! पहिल्या सव्वा वर्षात माझी एकही चिठ्ठी भिंतीवर गेली नाही. चहा घेताना मी त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायचे.

दुपारी एक ते चार गिरणी बंद असायची. तेव्हा सुजाताचा फोन यायचा. मी डबा खात खात ऐकायचे. अमक्या काकूंनी ज्वारीत बाजरी मिसळून आणली कारण सासऱ्यांना बाजरी चालत नाही पण आवडते फार. तमकी नवी सून दळण घ्यायला स्वतः येते, तेवढीच दहा मिनिटं तिला घराबाहेर मिळतात. ती हे काही मला विषय पुरवायला सांगत नव्हती. दिवसभर दिसलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नसे, एवढंच. नव्या सुनेची गोष्ट मी एका सोमवारी चिठ्ठीवर लिहिली. वाचताना मॅडमचा आवाज किंचित बदलला. क्लायंटने ती घेतली नाही, पण मला रक्ताची चव लागली.

मग डोंबिवलीची एक छोटी कंपनी आली. दिवाळीचा फराळ घरून उचलून परदेशात पोचवणारी. त्यांना दीड मिनिटाची फिल्म हवी होती आणि ती फोनवर सगळीकडे फिरायला हवी होती. आमच्यासाठी तोवरचं सगळ्यात मोठं काम. मॅडमनी सांगून टाकलं, ज्याची चिठ्ठी पास होईल, पुढचे मोठे क्लायंट तो सांभाळेल. मी आर्याकडे पाहिलं. ती पेनाचं टोपण चावत मजेत बसली होती.

त्याच आठवड्यात सुजाता फोनवर म्हणाली, "ताई, गल्लीतले डबे लहान होत चाललेत गं. खरंच. मागच्या चाळीतल्या पाटील काकू, दहा किलोचा डबा आणायच्या ना? मुलगा कॅनडाला गेला, पाचचा आणायला लागल्या. मग मुलगी गेली लग्न होऊन, आता तर पिशवीतूनच आणतात. कुणाच्या घरातलं कोण गेलं, मला डब्यावरून समजतं. पण दिवाळीच्या आधी बघ तू, तोच मोठा डबा परत घेऊन येतात. भाजणीला. मी म्हटलं काकू, एवढं कोण खाणार? तर नुसत्या हसल्या. पाठवायचं असतं ना त्यांना."

माझा घास हातातच राहिला. "हं," मी म्हटलं. "आणि काय?"

दिवाळी आमच्या घरात तशी नसते, पण गिरणीला असते. सोमवारी मी तीन चिठ्ठ्यांपैकी एकच लिहिली. बाकीच्यांनी विमान लिहिलं होतं, व्हिडिओ कॉलवरची आजी लिहिली होती, बर्फात चकली खाणारा मुलगा लिहिला होता. मॅडमनी माझी चिठ्ठी वाचली आणि पिशवी बाजूला ठेवली. गिरणी, दरवर्षी लहान होत जाणारा डबा, आणि दिवाळीच्या तोंडावर ओळीत पुन्हा उभा राहिलेला मोठा डबा. संवाद नाहीत. आर्या हळूच म्हणाली, "भारी आहे यार हे." तिच्या तोंडचं ते वाक्य मी कितीतरी दिवस चघळलं.

क्लायंटने एका बैठकीत होकार दिला. मी हात वर केला. "प्रज्ञा! कुठे सापडलं?" मॅडमनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "घरची गिरणी आहे आमची. लहानपणापासून बघत आलेय."

मी स्वतः बघितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं इतकं मनापासून वाटत होतं, की ते वाक्य बोलताना मला ते जवळजवळ खरंच वाटलं. लहानपणापासून दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणत आले आहे, आणि एका चिठ्ठीत दोन शीलं मोडली. न दिलेलं घेतलं आणि वर खोटं बोलले. चिठ्ठी भिंतीवर लागली. त्या दिवसापासून मी चहा भिंतीकडे तोंड करून घ्यायला लागले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मॅडम म्हणाल्या, "सेट कशाला लावायचा? तुमच्याच गिरणीत करू या." नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. जागा बघायला आम्ही तिघं, मॅडम, कॅमेऱ्याचा माणूस आणि मी, कॅबने शहाडला गेलो. माजिवड्यापासून रांजणोलीपर्यंत मी ट्रॅफिक वाढावा म्हणून मनातल्या मनात विनवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्या रस्त्यावर ट्रॅफिक नव्हता.

आईने पोहे केले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडम गिरणीभोवती फिरल्या, पट्ट्याला हात लावून पाहिला, आणि बाबांना म्हणाल्या, "तुमची मुलगी लहानपणापासून इथे बसून बघत होती, त्याचं आज चीज झालं बघा."

"लहानपणापासून?" बाबा हसले. बाबांना खोटं बोलता येत नाही आणि दुसऱ्याचं कळतही नाही. "अहो, ही ठाण्याला गेली त्यानंतर बसवली गिरणी. हिची कॉट होती या जागेवर."

कॅमेऱ्याचा माणूस मोजमाप घेता घेता थांबला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सुजाताकडे पाहिलं. तिला एका क्षणात सगळं समजलं. ते तिच्या पिठाळलेल्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. डबे, पाटील काकू, दुपारचे फोन, माझं 'आणि काय?'. आणि ती म्हणाली, "बाबा, ताई आपल्या गिरणीचं नाही म्हणत. तलावाजवळची जुनी, जिथे आपण आधी दळण टाकायचो ती. ताईच जायची ना डबा घेऊन. मला कुठं उचलायचा?"

"हां, ती होय," बाबा म्हणाले.

मला वाचवलं म्हणून उपकार वाटावेत की नाही? मला काय वाटलं ते लिहिते, आणि लाज वाटते तरी लिहिते. मला वाटलं, हिला खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमतं. कानामागून आली आणि तिखट झाली. मी सव्वा वर्ष नोट्स काढून एक कल्पना शोधू शकले नाही, आणि ही पट्टा घसरू नये म्हणून एक डोळा गिरणीवर ठेवून, पोह्यांची ताटली हातात असताना, एका श्वासात गोष्ट रचते आणि ती पटते. निघताना ती टॅक्सीपर्यंत आली. माझ्या कुर्त्याच्या बाहीवर पीठ लागलं होतं, ते तिने झटकलं, आणि तिच्या हाताला जास्त पीठ असल्याने बाही आणखी पांढरी झाली.

शूटिंग झालं. फिल्म दिवाळीआधी फोनाफोनांवर फिरली. रोहितने दुबईहून चाळीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "आपल्या प्रज्ञाने केलीये." त्याखाली त्रेसष्ट टाळ्या. त्यात सुजाताचीही एक. ती टाळी मला सहन झाली नाही. तिने शिवी दिली असती तर मी भांडले असते. आम्ही दोघी भांडण्यात तरबेज आहोत.

पुढच्या सोमवारी मॅडमनी पिशवीत हात घालायच्या आत मी उठले, भिंतीवरची चिठ्ठी काढली आणि मागे लिहिलेलं खोडलं. 'शहाडच्या गिरणीत. माझी बहीण सुजाता हिला.' असं लिहून सगळ्यांसमोर वाचलं. आवाज माझाही सपाटच आला. आर्या पेन चावायची थांबली. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी सांगितलं तेव्हाच कळलं होतं. तू किती दिवस घेतेस ते मोजत होते." मग त्यांनी मोठ्या क्लायंटची फाइल माझ्यासमोरून उचलून आर्यासमोर ठेवली. तिथवर ठीक होतं, मी त्याची तयारी केली होती. पण जाता जाता त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या बहिणीला विचार, दर सोमवारी तीन चिठ्ठ्या पाठवेल का. तिचं मानधन वेगळं."

हा निरोप मी अकरा दिवस सुजाताला दिला नाही.

रोज दुपारी फोन यायचा. रोज मी ठरवायचे की आज सांगू, आणि रोज ती काहीतरी असं सांगायची की मी मीटिंग आहे सांगून फोन ठेवायचे. मी घर सोडलं, खिडकीतला डोंगर घेतला, तीन मुलींमध्ये एक बाथरूम घेतलं, सगळं एवढ्याचसाठी की माझं डोकं चालेल. आणि डोकं चालत होतं तिथे, माझ्या कॉटच्या जागेवर. आता ऑफिसातली खुर्चीही तिला द्यायची? बारा दिवसांनी शनिवारी मी शहाडला गेले आणि गिरणी बंद व्हायची वाट बघत उंबऱ्यावर बसले. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर सगळं एका दमात सांगितलं. चोरी, भिंत, अकरा दिवस, सगळं.

सुजाता रुमाल सोडून केस झटकत होती. "एवढंच ना? मला वाटलं, तुझी नोकरी गेली," ती म्हणाली. मग रुमालाची घडी घालत, "राग आलेला मला. खूप. तुला मी हौसेने सांगायची गं, आणि तू लिहून घेत होतीस. पण फिल्म बघून आई तीनदा रडली, मग मी कुणावर रागावू?"

"आई कशाला रडली?"

"कशाला म्हणजे? तो डबा आपलाच ना. मी पहिल्यांदा आपलाच बघितला. पाटील काकूंचं नंतर लक्षात आलं. तू टेम्पोत बसत होतीस ना, तेव्हा आईने दहाचा डबा माळ्यावर टाकला आणि सातचा खाली काढला. मी आत गेले तर स्टुलावरच उभी होती, तोंड माळ्याकडे करून. उतरेचना. मी म्हटलं, ताई हाक मारतेय. तर म्हणाली, अशी कशी जाऊ बाहेर."

गिरणी बंद होती, तरी जात्याचा दगड गरम होता आणि सगळीकडे गव्हाचा वास होता. इतके दिवस मी रोहितच्या हाराशी ज्याची तुलना करत होते ते माझ्याच घरात, दहा पावलांवर घडलं होतं, आणि मी कैरी खाणाऱ्या बहिणीवर चिडून टेम्पोत बसले होते.

आता भिंतीवर सुजाताच्या पाच चिठ्ठ्या आहेत. माझ्या दोन. त्या माझ्या स्वतःच्या आहेत. एक टँकरच्या रांगेत सापडली, एक वॉचमनच्या वहीत. मॅडम तिच्या चिठ्ठ्या वाचताना आवाज सपाट ठेवायचा प्रयत्न करतात आणि त्यांना जमत नाही. मला अजून जळायला होतं. आर्यालाही आता सुजाताचा हेवा वाटतो, तेवढाच मला आधार.

तुम्ही जे दूर गेलात, तुम्ही विचारता की घर सुटलं का. मला माहीत नाही. मागच्या शनिवारी मी कुणालाही न कळवता गेले. स्वयंपाकघरात दहाचा डबा खाली होता, ओट्याशेजारी, पुसलेला. मी सुजाताला म्हटलं, "मी येणार हे कुणी सांगितलं आईला?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "दर शुक्रवारी काढते ती. रविवारी रात्री परत वर ठेवते. तू आलीस काय, नाही आलीस काय."

मी कितीतरी शुक्रवार मोजून पाहिले, जेव्हा मी गेले नव्हते. ते सगळे सुजाताने बघितले होते. त्यातल्या एकाचीही चिठ्ठी तिने अजून पाठवलेली नाही.